आधी उतार, मग चढ : ग्रँड कॅन्यनच्या तळाशी एक रात्र

गुरुवार, २ नोव्हेंबर २०२३. सकाळचे आठ वाजायला दहा मिनिटं होती आणि दरीत मुक्काम करायचे परवाने देणाऱ्या बॅककंट्री इन्फर्मेशन सेंटरच्या बंद दाराबाहेर आमच्या पुढे सहा जण उभे होते. सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मी ॲरिझोनातल्याच फीनिक्सहून पहाटे पावणेचारला गाडी काढली होती, शेजारी माझी मैत्रीण, आदल्या रात्री कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून विमानाने आलेली, दोन जॅकेटं चढवून. दार उघडलं, रांग पुढे सरकली, खिडकीमागच्या बाईंनी आम्हाला एक चिठ्ठी दिली. त्यावर आकडा होता ७. परवाना नव्हे, नुसता नंबर. "उद्या सकाळी आठला या, नंबरानुसार बोलावू," एवढंच.

मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आज आपण साडेतीन तास गाडी चालवून टोकन घ्यायला आलो?"

हो, अगदी तसंच. हे लिहायचं मुख्य कारणही हेच आहे. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून फोटो काढून परतणारे आपले लोक भरपूर आहेत. तळापर्यंत उतरून तिथे मुक्काम करून आलेले मला आधी कोणी भेटले नव्हते, त्यामुळे कोणाला विचारायचं हेच कळत नव्हतं.

थोडं मागे जाते. खाली फक्त फिरून त्याच दिवशी वर यायचं असेल तर परवाना लागत नाही. पण एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं पार्कवाले प्रत्येक पाटीवर बजावतात. दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना या दरीतून सोडवून आणावं लागतं. खाली रात्र काढायची तर दोन मार्ग. एक, फँटम रँच नावाचं तळाशी असलेलं जुनं विश्रामगृह. त्याची सोडत पंधरा महिने आधी निघते, म्हणजे विषय संपला. दुसरा, स्वतःचा तंबू आणि बॅककंट्री परवाना. त्याचे आगाऊ अर्ज साधारण चार महिने आधी जातात. आमचं ठरलंच सप्टेंबरच्या शेवटी, फोनवर, दोघींच्याही मुलांच्या परीक्षांवरून बोलता बोलता. कॉलेजात असताना आम्ही हरिश्चंद्रगड, राजमाची असं बरंच भटकलो होतो. त्याला आता चोवीस-पंचवीस वर्षं झाली.

अर्जाची मुदत गेली तरी एक फट उरते. मुख्य वाटांवरच्या कॅम्पग्राउंडचे थोडे परवाने ऐनवेळी, प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले असतात. एका रात्रीचा किंवा सलग दोन रात्रींचा. पण निघण्याच्या एक दिवसापेक्षा आधी मिळत नाही, आणि त्या यादीत नाव लागण्यासाठी त्याच्या आदल्या दिवशी नंबर घ्यावा लागतो. म्हणजे शनिवारी उतरायचं तर शुक्रवारी परवाना, आणि शुक्रवारी परवाना हवा तर गुरुवारी टोकन. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी मी दोन दिवस रजा टाकली ती अशी. वरिष्ठांना कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नक्की मिळणार का? मी म्हटलं, नाही.

तयारीबद्दल थोडं. त्या वर्षी फीनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै सलग एकतीस दिवस दुपारचा पारा ११० फॅरेनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस, किंवा त्याहून वर जात होता. सप्टेंबरमध्येही बाहेर चालणं म्हणजे शिक्षाच. मी ऑफिसच्या पार्किंग इमारतीचे सहा मजले पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन चढ-उतर करायचे. सुरक्षारक्षक पहिल्या आठवड्यात संशयाने बघायचा, नंतर मजले मोजायला लागला. ऑक्टोबरमध्ये तीन शनिवार फीनिक्समधला कॅमलबॅक डोंगर चढले. यातून धडा मिळाला तो असा की माझं हृदय ठीक आहे, गुडघे नाहीत. उतरताना डावा गुडघा तिसऱ्या मजल्यापासून बोलायला लागायचा. म्हणून दोन काठ्या घेतल्या. एरवी काठ्या घेऊन चालणाऱ्यांना मी मनातल्या मनात हसायचे. आता हसत नाही.

गुरुवारचा उरलेला दिवस कड्यावर भटकण्यात गेला. प्रवेश शुल्क तेव्हा, २०२३ साली, गाडीमागे ३५ डॉलर होतं, सात दिवस चालायचं, पावती जपून ठेवा. पार्कच्या आत आणि दाराशी राहण्याचे दर ऐकून आम्ही तासभर दक्षिणेला विल्यम्स गावी मोटेल घेतलं, ११८ डॉलर. पैसे वाचले पण शुक्रवारी पुन्हा पहाटे सहाला निघावं लागलं आणि अंधारात रस्त्यावर एल्क उभे होते. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरीण, गाडीचे दिवे पडले तरी ढिम्म हलत नाही. या रस्त्यावर अंधारात वेग कमीच ठेवा.

शुक्रवारी आठच्या ठोक्याला नंबर पुकारायला सुरुवात झाली. एक, दोन, तीन. प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं लागत होती. चौथा नंबर दोनदा पुकारला, कोणीच आलं नाही. पाचव्या नंबरवाल्यांना आजचीच रात्र हवी होती. सहाव्या नंबरवर एक बाप आणि त्याचा पोरगा होता, त्यांना दोन रात्री हव्या होत्या. ते खिडकीपाशी बराच वेळ बोलत राहिले तेव्हा मैत्रिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मग सात. "शनिवारी ब्राइट एंजेल कॅम्पग्राउंड, दोन माणसं, एक छोटी जागा आहे. चालेल?"

चालेल म्हणजे काय! तळाशी तंबू ठोकायची जागा हीच. त्या चौथ्या नंबरवाल्याचे आभार मानावे की त्याच्यासाठी वाईट वाटून घ्यावं, कळेना.

फॉर्म भरताना गाडीचा नंबर, आणीबाणीत कोणाला कळवायचं त्याचं नाव आणि फोन, कोणत्या वाटेने उतरणार, कोणत्या वाटेने चढणार हे सगळं लागतं. गाडीचा नंबर आठवेना म्हणून मी पार्किंगमध्ये पळाले. तेवढं आधी लिहून नेलं तर बरं. परवान्याचे आणि दोघींच्या रात्रीच्या शुल्काचे मिळून पन्नास डॉलरच्या आतच लागले. खिडकीमागच्या रेंजरने नकाशा उलगडून पेन्सिलीने दाखवलं : उतरायला साउथ कायबाब, सात मैल, वाटेत पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही नाही. चढायला ब्राइट एंजेल ट्रेल, साडेनऊ मैल, लांब पण मध्यावर पाणी आणि झाडं. मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि आम्हा दोघींकडे बघत म्हणाली, खाली जायचं की नाही ते तुमच्या हातात आहे, वर यायचं की नाही ते नाही.

हे वाक्य तिथे बहुतेक सगळ्यांनाच ऐकवतात. तरी मला ते रात्रभर पुरलं. आपल्याकडचा गड आधी दमवतो. दम संपला तर माणूस अर्ध्यावरून परत फिरतो आणि परतीची वाट उताराची असते. इथे सगळं उलटं. ताज्या पायांनी, थंड हवेत, पाठीवर पाणी असताना उतरायचं, सगळं सोपं वाटतं, आणि खरा गड दुसऱ्या दिवशी सुरू होतो, थकल्यावर. म्हणजे परत फिरायचं तर काहीच दुखत नसताना फिरायला हवं. असं कोण फिरतं?

शुक्रवारी दुपारी मोटेलच्या खोलीत (दुसरी रात्र १२६ डॉलर, तीच खोली, वीकेंडचा दर) सामान पसरलं. तंबू आणि दोन स्लीपिंग बॅगा फीनिक्सहून भाड्याने आणल्या होत्या, ६२ डॉलर. सामानाच्या वजनाचा हातकाटा मी घरून आणला होता. माझी सॅक पाण्यासकट पावणेबारा किलो भरली. मग बाहेर काढणं सुरू. दुसरं पातेलं, जाड टॉवेल, साबण, मैत्रिणीने आणलेली फुगवायची उशी, माझं पुस्तक. उशीवरून थोडी वादावादी झाली. पुस्तक गेलं, उशी राहिली. शेवटी साडेनऊ किलोवर आलो. खाण्यात खारे दाणे, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, बिस्किटं, रात्रीसाठी नुसतं गरम पाणी घालायचे नूडल्स, सकाळसाठी ओट्स. मिठाचं पार्कवाले आवर्जून सांगतात. घामातून मीठ जातं आणि माणूस नुसतंच पाणी पीत राहिला तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, गोंधळ, पुढे फिट येण्यापर्यंत मजल जाते. तहानेइतकाच हाही धोका. चिवड्याला वैद्यकीय आधार मिळाल्यासारखं वाटलं.

आणि पायाची नखं कापा. हे कोणीतरी मला सांगितलं होतं, मी मैत्रिणीला सांगितलं, तिने ऐकलं नाही. सात मैल उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात.

शनिवारी गाडी बॅककंट्री केंद्राच्या वाहनतळावर लावली आणि तिथूनच सकाळची पहिली हायकर बस धरली. साउथ कायबाबच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही, बसनेच जावं लागतं, आणि चढून वर आलो की ब्राइट एंजेलपासून गाडी जवळ पडते, म्हणून हा हिशेब. पारा शून्याच्या दोन-तीन अंश खाली. नळ गोठू नये म्हणून थेंबथेंब सोडलेला. बाटल्या आम्ही रात्रीच भरल्या होत्या, माणशी तीन लिटर. परवान्याचा कागद प्लास्टिकमध्ये घालून सॅकला बाहेरून बांधला, तसा तो दिसावा लागतो. साडेसातला चालायला सुरुवात.

पहिली दहा मिनिटं वाट कड्याच्या पोटात सावलीतच वळणं घेते. मग एकदम ती डोंगराच्या धारेवर येते आणि दोन्ही बाजूंना काहीच उरत नाही. साउथ कायबाबचं वैशिष्ट्य हेच, ही वाट घळीतून नाही, धारेवरून उतरते, त्यामुळे सगळी दरी सतत समोर. वरचा पांढुरका चुनखडक, मग पिवळट वाळूचा खडक, मग एकदम गेरूसारखा लाल. आपण थर बदलतो तशी पायाखालची धूळही रंग बदलते. माझे काळे बूट तासाभरात पिवळे आणि दोन तासांत विटकरी झाले.

दीड मैलावर सीडर रिज. सव्वाआठ-साडेआठ झाले होते. स्वच्छतागृह आहे, पाणी नाही. दिवसभरासाठी आलेल्यांनी इथून परत फिरावं असं सुचवणारी पाटी आहे. आम्ही दोघी छान होतो, घाम नाही, धाप नाही, जॅकेट सॅकमध्ये गेलं. रेंजरबाई आठवल्या. हेच ते काहीच न दुखणं.

थोडं पुढे खालून खेचरांचा तांडा आला. नियम असा की माणसांनी वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला, दरीकडे पाठ न करता, चूप उभं राहायचं आणि हाकणारा सांगेल तेच करायचं. खालचा सगळा शिधा, टपाल, कचरा हीच जनावरं वाहतात. पाठीवर खोकी, डोळे अर्धे मिटलेले, खूर अगदी वाटेच्या कडेवर. आठ गेली. मागे राहिला तो लिदीचा दर्प आणि मूत्राची डबकी, दोन दिवस आमची सोबत करणारी.

तीन मैलांवर स्केलेटन पॉइंट. इथे पहिल्यांदा नदी दिसते, हिरव्या दोऱ्याएवढी. मी फोटो काढत होते आणि मागून मैत्रिणीचा आवाज आला, अगदी शांत, "अगं, इकडे बघ जरा."

तिच्या उजव्या बुटाचा तळ टाचेपासून निम्म्यापर्यंत सुटून जिभेसारखा लोंबत होता.

बूट चांगल्यापैकी महाग होते, नऊ वर्षांपूर्वी घेतलेले, पण चार-पाच वेळाच वापरलेले. तेच नडलं. तळव्यातला फोम आणि त्याचा चिकटपणा कपाटात पडून पडूनच विरतो, वरून बूट नवाकोरा दिसतो. तिने घरी पायात घालून बघितले होते, बिल्डिंगला दोन चकराही मारल्या होत्या. जुने बूट असतील तर निघण्याच्या आधी दोन-तीन आठवडे रोज घालून चाला, वाकवून बघा, टाच ओढून बघा. आम्ही उशीवर वाद घातला, बुटांकडे कोणी पाहिलंच नाही.

दगडावर बसलो. आता खरा प्रश्न. वर तीन मैल, सुमारे दोन हजार फूट चढ, फाटका बूट, हवा अजून थंड, पाणी भरपूर. खाली चार मैल, आणि मग उद्या साडेनऊ मैल त्याच बुटावर. माझ्या एका काठीला मी चंदेरी डक्ट टेप गुंडाळून ठेवला होता, हात-दीड हात असेल. तिच्याकडे कॅम्पवर घालायच्या पट्ट्यांच्या जाड तळाच्या सँडल्स होत्या. मी परत फिरायच्या बाजूने होते. ती म्हणाली, "टोकन घेतलं, दोन रात्री मोटेल घेतलं." मी म्हटलं, "त्यासाठी नाही उतरायचं." मग ती गप्प बसली, आणि मग म्हणाली, "सँडल घालून मी हे चार मैल चालू शकते. वरसुद्धा चालू शकते. तुला नको वाटत असेल तर आत्ता फिरू, मी कुरकुर करणार नाही."

पंचवीस मिनिटं गेली. तळ टेपने करकचून बांधला, वरून तिच्या केसांची दोन रबरं. शंभर पावलं वर, शंभर पावलं खाली चालून बघायचं ठरलं. धरलं. ठरवलं की टिपऑफपर्यंत, म्हणजे आणखी दीडेक मैल, टेप टिकला तर पुढे. टिकला. ते बरोबर होतं का, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. जुलै असता तर मी तिला ओढत वर नेलं असतं.

टिपऑफच्या आधी रेडवॉल नावाच्या थराच्या भिंतीतून नागमोडी वळणं उतरतात. ही भिंत लालभडक दिसते, पण जिथे नुकताच तुकडा निखळलाय तिथे आत राखाडी चुनखडक आहे. वरच्या थरांतलं लोह पावसाने ओघळून तिच्यावर चढलंय, इतकंच. मैत्रीण म्हणाली, "डाय केलंय." गुडघा इथेच बोलायला लागला. काठ्यांवर भार टाकत, आडवी पावलं टाकत उतरले. शेवटचा टप्पा काळ्या, पिळवटलेल्या खडकातून जातो. हा सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांचा. त्या क्षणी मला वयाचं कौतुक नव्हतं, मला सपाट जमीन हवी होती.

मग एक बोगदा, आणि बोगद्यातून थेट पुलावर. हा काळा झुलता पूल १९२८ सालचा. त्याचे मुख्य दोर प्रत्येकी टनभर वजनाचे, खेचरांवर लादता येईनात. तेव्हा हावासुपाई जमातीची बेचाळीस माणसं एकेक अखंड दोर रांगेने खांद्यावर घेऊन याच वाटेने उतरली. आम्ही साडेनऊ किलो घेऊन कण्हत होतो. पुलाखालची नदी नितळ हिरवी. कोलोराडो म्हणजे स्पॅनिशमध्ये तांबूस. वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण झाल्यापासून गाळ तिकडेच अडतो आणि धरणाच्या खोलातून बर्फासारखं गार पाणी येतं. उकडलं म्हणून या नदीत उतरू नका, ओढ फार आहे.

सव्वाएकला कॅम्पवर. वर पहाटे बर्फ, खाली दुपारी वीस-एकवीस अंश, बाही दुमडून बसण्याजोगी हवा. ब्राइट एंजेल ओढ्याच्या काठाने तीसेक जागा, प्रत्येकीला लाकडी बाक, सॅक टांगायला खांब आणि अन्नासाठी पत्र्याची पेटी. पेटी शोभेची नाही. तिथल्या खारी सॅकची चेन उघडतात म्हणे. आमच्या शेजारच्या मुलाने पेटी पाच मिनिटं उघडी टाकली आणि त्याचा अख्खा पाव गेला. पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, फ्लशची स्वच्छतागृहं आहेत. तरी पाणी गाळायचा फिल्टर न्याच, कारण दरीभर पाणी पुरवणारी १९६०च्या दशकातली पाइपलाइन वारंवार फुटते. शेकोटीला बंदी, गॅसचा छोटा स्टोव्ह चालतो.

मैत्रिणीने बूट काढले तेव्हा अंगठ्याचं नख जांभळं झालेलं. मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

ओढ्यात पाय सोडून आम्ही तासभर बसलो. एवढंच केलं. बोलणंही फारसं नाही. संध्याकाळी रेंजर परवाना तपासायला आली, बूट बघितला, हसली नाही, आणि आपल्या खोलीतून टेपचं अर्धं रीळ आणून दिलं. चालत अर्ध्या मैलावरच्या फँटम रँचच्या कँटीनमध्ये लिंबू सरबत प्यायलो आणि पोस्टकार्डं घेतली. इथलं टपाल खेचरावरून वर जातं आणि त्यावर तसा शिक्काही मारतात. मी एक कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर लिहिलं. साडेपाचला सूर्य गेला, सातला आम्ही आडव्या. दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये आकाशाची एक पट्टी, तीत तारे दाटीवाटीने.

रविवारी पहाटे साडेचारला उठून सहाला निघायचं होतं. नदीजवळचा भाग उन्हाआधी पार करायचा म्हणून. फोनला खाली रेंज नसते, मी माझा बंद करून ठेवला होता. गजर मैत्रिणीच्या घड्याळात. तो वाजला, आम्ही उठलो, ओट्स शिजवले, आणि मी म्हटलं, आज फार लवकर उजाडतंय. ५ नोव्हेंबर. अमेरिकेतली घड्याळं त्या रात्री दोन वाजता एक तास मागे जातात. ॲरिझोना हे पाळत नाही. मैत्रिणीचं घड्याळ कॅलिफोर्नियाचं, इमानदार, ते आपणहून एक तास मागे गेलं होतं. साडेचारचा गजर साडेपाचला वाजला होता.

सहा पन्नासला निघालो. वर जायच्या वाटेवरच्या दुसऱ्या, रुपेरी पुलाची जमीन जाळीची आहे, पायाखालून नदी वाहताना दिसते, खेचरं इथून जात नाहीत. मलाही नको वाटलं. मग नदीकाठची वाळू, तासभर, चालायला जड. पाइप क्रीकपाशी नदी सोडून वाट आत वळते आणि डेव्हिल्स कॉर्कस्क्रू नावाची वळणं लागतात. नोव्हेंबर असूनही तिथे घाम निघाला. वीस मिनिटं चाल, पाच मिनिटं बसणं, बसल्यावर काहीतरी खारट तोंडात, असा नेम धरला. मैत्रिणीचा बूट नव्या टेपमध्ये लपेटलेला, पायाला पलिस्तर घातल्यासारखा. ती माझ्यापुढे होती.

सव्वादहाला हावासुपाई गार्डन्स. आधी याचं नाव इंडियन गार्डन होतं, २०२२ साली बदललं, जुन्या नकाशांवर तेच सापडेल. इथे कॉटनवुडची झाडं पिवळीधमक झाली होती आणि नळाला पाणी होतं. मोजे बदलले, पाय झाडाला टेकवून पाऊण तास पडलो. इथून कडा दिसतो. दिसतो म्हणजे छातीवर येतो. अजून साडेचार मैल आणि तीन हजार फूट. मैत्रीण म्हणाली, "ते तिथे? तिथे वाट कुठाय?" खरंच दिसत नव्हती.

पुढचं फार सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत नाही. एक वळण, मग तसंच वळण. वाटेत तीन मैलांचा आणि दीड मैलांचा निवारा आहे, ही अंतरं वरून मोजलेली. तिथले नळ थंडीत बंद करतात, म्हणून पाणी खालूनच भरून घ्या. तीन मैलांपाशी माझ्या पोटरीत गोळा आला, चिक्की आणि मीठ घातलेलं पाणी पोटात गेल्यावर सुटला. एका वळणावर बसून मी रडले, दोन मिनिटं असेल, कशासाठी ते मला माहीत नाही. मैत्रिणीने पाठीवर हात ठेवला आणि फुगवायची उशी काढून मला टेकायला दिली. वरच्या दीड मैलात वरून येणारी माणसं भेटायला लागतात, अत्तर लावलेली, हातात एकच छोटी बाटली, आणि विचारतात, नदी इथून किती दूर आहे? आम्ही खरं अंतर सांगितलं. दोघं तिथूनच परत फिरले.

तीन चाळीसला वर. टाळ्या वगैरे नाहीत. समोर एक कुटुंब आईस्क्रीम खात होतं. वारा बोचरा, जॅकेट पुन्हा अंगावर. मैत्रिणीने गाडीपाशी जाऊन सँडल घातल्या, टेपमधले बूट तिथल्या कचरापेटीत टाकले आणि नंतर फोटो काढायचा राहिला म्हणून हळहळली. रात्री फीनिक्सला पोचायला साडेआठ झाले. आमचा खर्च, भाड्याचं सामान, पेट्रोल, मोटेल सगळं धरून, माणशी अडीचशे डॉलरच्या आसपास. तिचं विमानाचं तिकीट वेगळं, नवे बूटही.

सोमवार, मंगळवार मी जिना उलटी उतरत होते, कठडा धरून. अकराव्या दिवशी, दिवाळी झाल्यावर, पोस्टाच्या पेटीत ते कार्ड आलं. शिक्का बराचसा पुसट, पण खेचराचा उल्लेख वाचता येतो. मागे माझ्याच अक्षरात : "पोचलो. गुडघा ठीक. बुटाचा तळ अजून आहे. उद्या साडेचारला उठायचंय."